शहाण्णवावा रोज

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आहे, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. त्यानंतर सही सोडली तर फारसं काही लिहिलेलं नाही. ऱ्हस्व दीर्घ मला आजही कळत नाही. ही वही नातीची आहे. मागची पानं कोरी होती, ती घेतली. कुणाला दाखवायची नाही, तरी माफी मागून बसले. ती सवयच आहे. सासूची मागितली, सुनेची मागितली, एकदा एसटीच्या कंडक्टरची मागितली, चूक त्याची असताना. जिथं मागायला हवी होती तिथं मात्र पन्नास वर्षं गेले नाही.

लिहायला बसले ती एका पुस्तकाच्या रागानं.

माझं माहेर भोरच्या अलीकडं, नदीकाठी. गावाच्या वरच्या अंगाला एक सुधारशाळा होती. चोऱ्या केलेली, घरातून पळालेली, कोर्टानं धाडलेली पोरं तिथं ठेवायचे. शाळा बंद पडून खूप वर्षं झाली. आता तिची शंभरी आली म्हणून कुणी शिकलेल्या मंडळींनी कार्यक्रम केला आणि तिचा इतिहास छापला. माझा धाकटा भाऊ ते पुस्तक घेऊन मुद्दाम पालीला माझ्या घरी आला, कारण त्यात आमच्या वडिलांचा, आबांचा, फेट्यातला फोटो आहे. आबा गावाकडून शाळेचे पंच होते. खाली लिहिलंय की त्यांचं संस्थेला मोलाचं सहकार्य लाभलं.

गुळगुळीत कागद आहे. त्या पुस्तकात सगळे थोर आहेत. शाळा काढणारे थोर, शिकवणारे थोर, गाव थोर. मी अक्षर लावत लावत चार दिवसांत वाचून काढलं. मधे एका पानावर दहा ओळी सापडल्या. एका उनाड मुलानं सूडबुद्धीनं गावचं उभं पीक जाळलं, तेव्हा शाळेच्या साहेबांनी त्याच मुलाच्या साठवलेल्या मजुरीतून शेतकऱ्यांची भरपाई केली आणि गावाचा व शाळेचा गोडवा टिकवला, असं त्यात आहे.

उभं पीक! ही गोष्ट मे महिन्यातली. मे महिन्यात आमच्याकडं कुठलं पीक उभं असतं? लिहिणाऱ्यानं भाताचं खाचर कधी पाहिलेलं नाही. जळाली ती गंजी आणि गोठा. आणि तो जाळ कुणी लावला ते मला ठाऊक आहे.

शाळेचा खरा इतिहास माझ्या आजोबांकडून ऐकलेला आणि मी डोळ्यांनी पाहिलेला असा आहे. पुण्याच्या कुणा सुधारक मंडळींनी भोरच्या राजाच्या काळात ती माळावरची जागा घेतली. गावानं आधी विरोध केला. चोरांची पोरं आणून बसवता, आमच्या कोंबड्या राहतील का, म्हणून गावाच्या विहिरीवर त्यांना पाणी भरू दिलं नाही. पहिल्या मास्तरांनी पोरांच्या हातानंच विहीर खोदली. दोन उन्हाळे खोदत होते. गाव कडेला उभं राहून बघायचं आणि म्हणायचं, लागतंय कशाचं पाणी. लागलं. तेव्हा गाव म्हणालं, चोरांना बरोबर जागा सापडते. पुस्तकात त्या विहिरीचा फोटो आहे, खाली लिहिलंय, श्रमदान.

मग गावाला पोरं आवडू लागली. का, तर लावणीला माणसं कमी पडायची. आमच्याकडं लावणी सावडीनं होते. आज सगळे माझ्या खाचरात, उद्या सगळे तुझ्या. एका रोजाला एक रोज. पैसा लागत नाही, पण उलट जाऊन राबावं लागतं. शाळेची पोरं ना जमिनीची ना घराची, त्यांना सावड परत द्यायची नव्हती. त्यांना रोजावर घ्यायचं. तोही अर्धा रोज, पोरं म्हणून. काम मात्र दुपारपर्यंत पुऱ्या माणसाएवढं करून घ्यायचे. तो अर्धा रोज शेतकरी शाळेच्या कचेरीत भरायचा, तिथं पोराच्या नावावर लिहून ठेवायचे, आणि सुटताना एकदम त्याच्या हातात द्यायचे. निदान द्यायचे असं ठरलेलं होतं. कुणाला किती पोरं हे पंच ठरवायचे. म्हणजे आबा. मोलाचं सहकार्य ते हे.

पोरं सकाळी हजेरी झाल्यावर रांगेत यायची आणि दुपारी बाराला शिट्टी झाली की रांगेत जायची. कुणाची जात काय ठाऊक म्हणून त्यांना भांडं द्यायचे नाहीत. आई वरून पाणी ओतायची, ती ओंजळीनं प्यायची. मोठी झाले तशी मीही ओतायचे. पाणी सांडलं की ओरडायची आई, पोरांवर, माझ्यावर नाही.

त्यांच्यात एक पुण्याचा होता, पंधरा वर्षांचा असेल. डाव्या कानाची पाळी फाटलेली. शाळेत सुतारकाम शिकायचा. मी अकराची. मी कुणाशी बोलायची नाही. गावच्या शाळेत मास्तरांनी विचारलं तरी उत्तर येत असून उभीच राहायची, म्हणून तर चौथीनंतर काढलं. तो मला मुकी म्हणायचा. "ए मुके, तोंड हाय का न्हाई तुला? का पाणी वतायलाच ठिवलीय?" पोरं हसायची. मला त्याचा फार राग यायचा. हे लिहायला हवं, कारण पुढं जे झालं त्यात तो रागही होता.

भात पेरायच्या आधी आम्ही राब भाजतो. रोपाच्या वाफ्यावर शेण, वर झाडाच्या तोडलेल्या फांद्या, वर गवत, सगळ्यांवर बारीक माती, असे थर लावून ते पेटवतात, म्हणजे जमीन भाजून निघते आणि रोप जोमानं येतं. राब पहाटे नाहीतर सांजेला पेटवायचा, वारा पडलेला असताना. आणि तो विझेपर्यंत कुणीतरी हिरवा टहाळा घेऊन कडेला बसायचं, ठिणगी बांधावर गेली की झोडपायची. हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आबांना माहीत नव्हतं का? पण पोरं यायची आठनंतर आणि जायची बाराला. थर लावून घ्यायला पोरं लागत होती. त्यांच्या अर्ध्या रोजातून राब पेटवूनही घ्यायचा, उद्याचा रोज वाचवायचा, म्हणून आबांनी त्या दिवशी अकराला पेटवायला लावला. स्वतःची आगपेटी त्या कानफाट्या पोराच्या हातात दिली आणि म्हणाले, "वरल्या बाजूनं लाव. वाऱ्याच्या उलट." त्यानं लावला. तोपर्यंत शिट्टी झाली. पोरं रांगेत निघाली. आगपेटी त्याच्याच खिशात राहिली. मागायचं आबांच्या लक्षात आलं नाही, द्यायचं त्याच्या.

मला आबा म्हणाले, "पोरी, टहाळा घिऊन बस. हलू नगंस. म्या जेवून येतो."

मी बसले. ऊन होतं. राब धुमसत होता. बांधाच्या वर टेकाडावर करवंदीची जाळी होती आणि करवंदं काळी झाली होती. मी म्हटलं दोन मूठ घेऊन येते. दोन मुठींच्या चार झाल्या. मग वारा सुटला.

धूर बघून पळत आले तोवर जाळ बांधावरच्या वाळल्या गवतातून पलीकडं गेला होता. पलीकडं माझ्या चुलतीची पेंढ्याची गंजी होती. चुलती विधवा. गंजीला लागून गोठा. म्हशीनं दावं तोडलं. वासराला तोडता आलं नाही, ते तिसऱ्या दिवशी मेलं. त्या तीन दिवसांतलं त्याचं ओरडणं मी इथं लिहीत नाही.

आबा धावत आले. मला वाटलं मारतील. त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं, मग बोटांकडं. ओठ जांभळे, बोटं जांभळी. त्यांनी खांद्यावरचं उपरणं कळशीत बुडवलं आणि माझं तोंड पुसलं, खसाखसा, ओठ सोलून निघतील असं. मग राख घेऊन माझी बोटं घासली. आणि म्हणाले, "तू कुठं गेली न्हवतीस. काय?"

मी म्हटलं, "व्हय."

त्याच दिवशी सांजेला शाळेच्या पडवीत सगळे जमले. साहेब खुर्चीत. गाव खाली. चुलती ऊर बडवत होती. तो पोरगा उभा, आणि टेबलावर आगपेटी. त्याच्या खिशात सापडलेली.

साहेब म्हणाले, "आगपेटी आली कुठून?"

"ह्यांनी दिली. राब पेटव म्हनले," तो आबांकडं हात करून म्हणाला.

आबा म्हणाले, "दिली की. राबाला दिली. राब तर माझ्या पोरीच्या देखत जागच्या जागी इझला. गंजी ह्यानं जाताना पेटवली. वाट गंजीवरनंच जाती. परवा म्या ह्याला कोयता मोडला म्हनून थोबाडीत मारली व्हती, त्याचा डूख धरला."

गाव म्हणालं, व्हय व्हय. कुणीतरी मागून म्हणालं, "चोराच्या हातात आग दिली तर आनिक काय व्हनार?" हशा झाला. वासरू तिकडं ओरडत होतं आणि हशा झाला.

साहेबांनी मला पुढं बोलावलं. "तू राखणीला होतीस?"

मी मान हलवली, हो.

"जागेवरून उठलीस का?"

तेव्हा तो पोरगा माझ्याकडं वळला. त्या वेळी त्यानं मुकी म्हटलं नाही. हळूच म्हणाला, "सांग की. तू व्हतीस ना तिथं."

मी पायाकडं पाहिलं. ओठ चुरचुरत होते. मान हलवली, नाही.

झालं. त्याची तीन वर्षांची मजुरी चुलतीला दिली. उरलेली मुदत काढायला त्याला दुसऱ्या जिल्ह्यातल्या कडक शाळेत धाडलं. जायच्या आधी छड्या मारल्या, त्या आमच्या घरापर्यंत ऐकू आल्या, कारण ऐकू याव्यात अशाच मारल्या होत्या. दुसऱ्या वर्षीच्या लावणीला आबांनी आमच्या खाचरात चार पोरं जास्त घेतली.

आबा नंतर एकदाही त्याबद्दल बोलले नाहीत. माझं लग्न लवकर लावून दिलं, तेही वेल्ह्याकडं, डोंगराआड. मी आबांना दोष देत राहिले. ते सोपं होतं, कारण ते मेले. पण मान त्यांनी हलवली नव्हती.

आता पुस्तकाच्या शेवटच्या पानावर जाते. तिथं कार्यक्रमाला आलेल्या जुन्या विद्यार्थ्यांचे फोटो आहेत. एकाच्या खांद्यावर शाल, हातात नारळ, तोंड आंबट. डाव्या कानाची पाळी फाटलेली. म्हणजे मधल्या पानावरचा आगलाव्या आणि शेवटच्या पानावरचा शाल दिलेला गुणी कारागीर एकच आहे, हे छापणाऱ्यांना ठाऊकच नाही.

मी भावाला विचारलं, "ह्यो कोण?"

"किकवीचा सुतार. रस्त्याला दुकान हाय त्याचं. भाषण कर म्हनलं तर केलं न्हाई, जेवायच्या आधीच उठून गेला. असल्यांना किती बी द्या."

मग मी भावाला सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा. तो चहा पीत होता. बशी खाली ठेवून म्हणाला, "आक्का, आबांचा फोटो आत्ता कुठं छापून आलाय. पन्नास वर्सांनी मढं उकरून काय मिळनार तुला? गप ऱ्हा. तुला गप ऱ्हायची सवय हाय."

शेवटचं वाक्य बोलला नसता तर मी राहिलेही असते.

मी किकवीला निघाले. नसरापूरच्या फाट्यावर एसटीतून उतरून वडापची जीप धरली. कामथडी गाव मागं पडलं. किकवीत दुकान शोधावं लागलं नाही. रंध्याचा आवाज येत होता. बाहेर चौकटी उभ्या केलेल्या, बाकावर दोन गिऱ्हाइकं. त्याचे केस पांढरे, हात तसेच. मी त्याला तोंडावर तुम्ही म्हणाले, पण लिहिताना तो असंच येतं.

"काय पायजे? चौकट का पाट?"

मी पुस्तकातलं ते दहा ओळींचं पान काढून पुढं धरलं. त्यानं चष्मा लावून वाचलं. मग माझ्याकडं पाहिलं.

"मुकी," तो म्हणाला. "पंचाची मुकी. एवढी वर्सं लागली व्हय यायला? यष्टी चुकली का काय?"

गिऱ्हाइकं हसली. त्यांना काय कळलं होतं कोण जाणे. मी खालमानेनं कसंबसं म्हटलं, "तुमचं पैशे माझ्यामुळं गेलं. माझ्यापाशी आत्ता न्हाईत. मी येऊन तुमच्यात रोज भरते. सारवण, धुणं, लाकडं, पडंल ते. सावड समजा."

"सावड?" तो हसला. ते हसू वाईट होतं. "सावड बरोबरीच्यात असती. तुमी आमाला कवा सावडीत धरलं? आमी रोजावर. अर्ध्या रोजावर. मग आता रोजच मोज. आन अर्धा न्हाई, पुरा. आजच्या भावानं."

"किती रोज?"

"चार विसा आन सोळा." विचार न करता म्हणाला. शहाण्णव. पाचशे रुपये रोजानं किती होतात ते मला फाट्यावर परत येईपर्यंत कळलं नाही. कळलं तेव्हा वडापवाल्याला म्हटलं, जरा थांब, आणि कडेला बसले.

पालीला राजगड चढायला पुण्याची पोरंपोरी येतात. शनिवार रविवार तर रीघ. मी रस्त्याच्या कडेला छत्री लावून ताक आणि लिंबूसरबत विकायला बसले. बोलावं लागत नाही, मडकं दिसलं की ती थांबतात. उन्हाळ्यात पळसाच्या पानाच्या द्रोणात करवंदं. पहाटे जाळीत शिरायचं, हात ओरबाडून घ्यायचे, दुपारपर्यंत पाटी रिकामी. पावसाळ्यात मक्याची कणसं भाजून. सून म्हणाली, "आत्याबाई, ह्या वयात दुकान? लोक म्हनतील सून खायला घालत न्हाई." मी म्हटलं, म्हणू दे. तिला ते आवडलं नाही. पैसे घरात देत नाही हे तर त्याहून आवडलं नाही.

महिन्या दोन महिन्यांनी किकवीला जायचे. तो नोटा घ्यायचा, अंगठा चाटून मोजायचा, किती रोज झाले ते मोठ्यानं बोलायचा. "चौदा." "एकवीस." बाकावर बसलेल्या कुणीतरी विचारायचं, "कोण ह्या? कशाचं पैशे?" तो म्हणायचा, "तिलाच इचारा." मी पदर ओढून वाटेला लागायचे. मागून ऐकू यायचं, "मुकी हाय."

एकदा वैशाखात गेले. घसा कोरडा. मी पाणी मागितलं. त्यानं तांब्या आणला, बाहेर आला आणि म्हणाला, "वंजळ कर."

मी ओंजळ केली. त्यानं वरून धार धरली. मी प्याले. थोडं सांडलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मी त्याच्याकडं पाहिलं नाही. मला राग आला का? आला. इतका आला की पुढच्या खेपेला जाऊच नये असं वाटलं. मग आठवलं की आमच्या घरी ते एकदाच नव्हतं झालं, तीन वर्षं चाललं होतं. पुढच्या खेपेला घरून बाटली भरून नेली.

दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे गेले. त्या श्रावणात पंच्याण्णव झाले. मला वाटलं होतं त्या दिवशीच संपेल. पाचशेची एक नोट जास्तीची काढून मी त्याच्यापुढं ठेवली. त्यानं ती माझ्याकडं परत सारली.

"ह्यो न्हाई. ह्यो त्या दिवसाचा रोज हाय. राबाच्या दिवसाचा. ह्यो असा न्हाई घ्यायचा."

"मग कसा?"

"पडवीत बोलली न्हाईस, तसं चार मान्सांत तोंडानं बोल. मग घीन."

"कागदावर लिहून देते," मी म्हटलं.

"कागदावर? पुस्तकात हाय की लिवलेलं. लई छान लिवलंय."

ती नोट घडी घालून मी तीन वेळा घेऊन गेले आणि तीन वेळा परत आणली. पहिल्यांदा दुकानात एक जण होता. दुसऱ्यांदा पाच. तिसऱ्यांदा मी वडापमध्ये वाक्य पाठ करून गेले होते, दाराशी गेल्यावर ते सगळं पोटात गेलं. तो रंधा मारत राहायचा. भुसा माझ्या पायांवर यायचा.

इकडं सुनेनं माझ्या भावाला फोन केला. आत्याबाई किकवीच्या कुठल्या म्हाताऱ्याला पैसे नेऊन देतात, पन्नास हजाराच्या घरात गेलेत. चौथ्या खेपेला मी दुकानाशी पोचते न पोचते तोच भावाची मोटारसायकल आली, मागं भावकीतले दोघे दुसऱ्या गाडीवर. बाजाराचा दिवस होता. बाकावर माणसं, रस्त्यावर माणसं.

भाऊ गाडी स्टँडवर लावायच्या आधीच ओरडला, "ए म्हाताऱ्या! एकटी बाईमाणूस बघून लुबाडतोस व्हय रं माझ्या बहिणीला?"

त्यानं रंधा खाली ठेवला.

"चाळीस पन्नास हजार घातलं तुझ्या घशात. काय भ्या दावलंस तिला?" भाऊ लोकांकडं वळला. "बघा. सुधारशाळेतला हाय ह्यो. आमच्याच गावात व्हता. गंजी जाळून गेला. शाल दिली म्हनून जात जाती व्हय चोराची?"

बाकावरचा एक जण उठून उभा राहिला. दुसऱ्यानं मोबाईल काढला. समोरचा चहावाला रस्ता ओलांडून आला. भावकीतला एक म्हणाला, "पोलीसच बोलवा." आणि मी पाहिलं, त्या म्हाताऱ्याचे हात बाजूला लोंबत होते. पडवीत होते तसे. इतकी वर्षं किकवीत राहिलेला माणूस, निम्म्या गावाला त्याच्या चौकटी, आणि ती माणसं त्याच्याकडं आता वेगळ्या नजरेनं बघू लागली होती. एवढ्यात.

तो माझ्याकडं वळला. ओरडला नाही. "सांग की," म्हणाला. "तू व्हतीस ना तिथं."

मी पायाकडं पाहिलं. पायांवर भुसा होता. मग मान वर केली.

"म्या व्हते," मी म्हणाले. आवाज फाटका आला. चहावाला म्हणाला, "मोठ्यानं बोला मावशी." मी मोठ्यानं बोलले. "राखणीला म्या व्हते. म्या करवंदं खायला गेले. राब माझ्यामुळं पळाला. गंजी ह्यांनी न्हाई जाळली. ह्यांची तीन वर्सांची मजुरी माझ्यापायी गेली. ती मी देते. ह्यांनी मागितली न्हाई, मीच आले."

"आक्का, गप," भाऊ म्हणाला.

"आबांना ठावं व्हतं. आबांनी माझं तोंड पुसलं. उपरणं भिजवून. बोटं राखेनं घासली."

"आक्का!"

"म्या मान हलवली. न्हाई म्हनून. खोटी."

भावाचं तोंड काळं पडलं. तो लोकांकडं बघत होता, लोक त्याच्याकडं. गाडीला किक मारून तो म्हणाला, "आजपासनं माहेराला पाय लावू नगंस. आबांच्या फोटोवर थुकलीस तू." मी म्हटलं, "बरं." दुसरं काय म्हणणार? त्याला खूप काही बोलावं असं आजही मनात येतं, पण त्याच्यासाठी एवढी पानं पुरायची नाहीत. दोन्ही गाड्या गेल्या. माणसं थोडा वेळ उभी राहिली, मग पांगली. ज्यानं मोबाईल काढला होता त्यानं तो खिशात घातला आणि म्हाताऱ्याला म्हणाला, "आण्णा, आमाला काय ठावं."

म्हाताऱ्यानं मला बस म्हटलं नाही. पाणी विचारलं नाही. हात मात्र पुढं केला.

"आण."

मी नोट काढली. चार घड्या पडलेल्या, घामानं मऊ झालेली. त्यानं ती फळीवर ठेवून तळहातानं सपाट केली, उजेडाकडं धरून पाहिली, मग बंडीच्या आतल्या खिशात ठेवली.

"शहाण्णव," तो म्हणाला, आणि रंधा उचलला.

सगळे पैसे फिटले.